बुधवारचं पाणी

माझ्या जिभेला हाड न्हाई, हे निघोज्यात शेंबड्या पोराला पण ठाऊक हाय. कुणी वाकडं बोललं की मी सोडत न्हाई, मंग तो दीर असो न्हाईतर तालुक्याचा पुढारी. पण सावळाराम आबांचं नाव निघालं की ही पुतळाबाई गप होते आन् हात जोडते. का, ते सांगते. माझीच लाज निघणार हाय त्यात, पण सांगते.

तवा संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गावोगाव चालू व्हत्या. पिंपरीला नवे कारखाने उठत व्हते, आन् आमच्याकडं अजून मोटेवरच रान भिजत व्हतं. आमची विहीर सात घरांच्या भागीची. सात घरं, सात वार. आमच्या घराचा बुधवार. आजेसासऱ्यापासून बुधवारी दिवस उगवला की मोट आमची, मावळला की सुटली. आषाढात आमचे मालक तापानं गेले. पदरात दोन पोरी, घरात गडी माणूस न्हाई. मालकांमागं मला राहिलं काय, तर दीड एकर रान आन् तो बुधवार. बुधवार गेला तर रान असून नसल्यासारखंच.

विहिरीची एक रीत व्हती. चैत्रात पाणी तळाला गेलं की सातही घरांचा एकेक गडी आत उतरून गाळ काढायचा. ज्या घरचा गडी उतरला न्हाई, त्या घराचा वार वरीसभर बंद. गाळ निघाला की पाण्यात राहणाऱ्या साती आसरांना नारळ फुटायचा, आन् तो फोडायला सावळाराम आबा यायचे. त्येंचा ह्या विहिरीत वाटा न्हाई, त्येंचं रान पार इंद्रायणीच्या काठाला. पण वडीलधारं माणूस, त्यातून चार गावांच्या न्यायपंचायतीचे मुख्य पंच, म्हणून मान त्येंचा. विधवा बाईनं मात्र त्या दिवशी विहिरीकडं फिरकायचं न्हाई. ही पण रीतच, मेली!

मालक गेल्यावरचा पहिला गाळ आला. धाकटा दीर बाळाजी म्हणाला, "वैनी, आपल्या घरचा मी उतरतो. तू घोर करू नको." म्या सगळ्या गड्यांना पुरून उरतील एवढ्या भाकरी थापल्या, पिठलं केलं, शेजारणीच्या हाती विहिरीवर धाडलं आन् घरात बसून राहिले. तिन्हीसांजेला बाहेर येऊन बघते तर ओट्यावर तांब्या! मालकांचं नाव घातलेला पितळी तांब्या. पाणी शेंदताना माझ्याच हातून तो विहिरीत पडला व्हता. ते असताना. केवढं बोलले व्हते मला तवा! आता गाळात सापडला असणार. आत चिखल भरलेला, बुडाला पोचा. मी तो उराशी धरून पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी बाळाजीला म्हणलं, "तुझे उपकार कसे फेडू रे?" त्येनं मान खाली घातली आन् म्हणाला, "असू दे वैनी." मला वाटलं, किती गुणाचा माझा दीर! तवापासून मी जाईन तिथं तो तांब्या माझ्यासंगं.

दिवाळीला रंगरावानं तेलाचं इंजिन आणलं. आमच्याच विहिरीचा तो भागीदार. गावात पहिलंच इंजिन, सगळं गाव बघायला लोटलं. मी पण गेले, खोटं कशाला बोलू. पण त्या इंजिनाला एक वार पुरेना. पौषातल्या एका बुधवारी मी बैलं घेऊन विहिरीवर गेले, तर इंजिन आपलं धडधडतंय.

म्हणलं, "रंगराव, आज वार कुणाचा?"

"ज्याच्या घरचा गडी गाळाला उतरला त्येचा," तो म्हणाला. "तुझ्या घरचं कोण उतरलं व्हतं, पुतळाबाई?"

"बाळाजी उतरला व्हता!"

"बाळाजी? इचार बाकीच्यांना."

बाकीच्या पाच घरांना इचारलं. कुणी व्हय म्हणेना, कुणी न्हाई म्हणेना. रंगरावानं समद्यांना इंजिनाचं पाणी कबूल केलेलं, त्येंची तोंडं कशी उघडणार? चिमाजीचं रान माझ्या बांधाला बांध, मालकांचा जिवाचा दोस्त, तो सुद्धा "बघू, बघू" करत बैलाच्या गळ्याला खाजवत बसला. रानात दीड महिन्याचा कांदा उभा. चाकणच्या बाजारात तो गेला तर पोरींच्या अंगावर वरीसभर कापड. आठ दिवस पाणी न्हाई म्हणल्यावर पातीचे शेंडे पिवळे पडायला लागले. मी तडक न्यायपंचायतीत अर्ज दिला.

न्यायपंचायत दर सोमवारी आमच्या चावडीत बसायची. ओट्यावर पाच पंच, मधी खुर्चीत आबा. बाजूला शाळेचे ज्योतीराम मास्तर, लिहायला. आबांची सत्तरी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऐकताना डोळे मिटून बसायचे. लोक म्हणायचे, म्हातारा झोपतो.

पहिल्या तारखेला बाळाजीनं साक्ष दिली, "मी उतरलो व्हतो."

आबांनी डोळे मिटलेलेच. म्हणाले, "बाळाजी, नीट आठव. तू उतरला व्हतास?"

"व्हय."

"घाई करू नको. पुन्हा एकदा आठव."

"व्हय म्हणलं ना आबा!"

आबा म्हणाले, "पुढच्या सोमवारी." माझा जीव नुसता जळला. दिरानं छातीवर हात ठेवून सांगितलं, आता आणखी काय पाहिजे ह्येंना?

दुसऱ्या तारखेला रंगरावानं पिंपरीहून बांधकामावरचा एक मुकादम आणून उभा केला. त्येनं हजेरी दाखवली. गाळाच्या दिवशी बाळाजी पिंपरीला विटा वाहत व्हता. बाळाजीचं तोंड काळं ठिक्कर पडलं. तो चावडीतून जो उठला तो तडक पिंपरीची वाट धरून गेला, माझ्याशी एक शबूद न बोलता. मला वाटलं, मुकादम इकत घेतलेला असणार आन् दीर भ्याला असणार. आबांनी बाकीच्या भागीदारांना इचारलं, "पुतळीच्या घरचा म्हणून त्या दिवशी कोण उतरलं, कुणाला आठवतं का? चिमाजी, तुला?" चिमाजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला. आबांनी पुन्हा डोळे मिटले. पुन्हा म्हणाले, "पुढच्या सोमवारी."

मंग माझा ताबा सुटला. मी उठून उभी राहिले आन् भर चावडीत म्हणलं, "आबा, झोप झाली का? माझा कांदा जळतोय तिकडं! न्याय करायचा नसंल तर ती खुर्ची सोडा, आन् घरी खाटेवर निजा!"

आबा म्हणाले, "पुतळे, खाली बस. दम लागेल." बास, एवढंच.

माझं हे बोलणं बरोब्बर पोचलं अर्जुनरावांकडं. अर्जुनराव म्हणजे तालुक्याचे पुढारी. खादीचा सदरा, जीपगाडी, आन् बोलण्यात साखर. त्येंना आबांच्या जागी आपला भाचा बसवायचा व्हता. सहा महिने आबांच्या मागं लागले व्हते. "आबा, आता वय झालं. नव्या रक्ताला वाव द्या. देवाचं नाव घ्या." आबा म्हणायचे, "खुर्चीत बसून घेतलं तर देवाला ऐकू जात न्हाई का?" मंग धमकावणी झाली. डोळ्यांची डॉक्टरी तपासणी करवतो, वरून कागद आणतो. आबा म्हणायचे, "आणा." चाकणला मोठा सत्कार करतो, असं सुद्धा सांगून बघितलं. म्हातारं ढिम्म हललं न्हाई. आता त्येंनी गावाच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज काढला, आन् पहिलं पाऊल टाकलं माझ्या ओट्यावर.

"ताई," मला ताई म्हणाले, "तुझ्यासारख्या अडल्या बाईला न्याय मिळत न्हाई, हे आमच्यानं बघवत न्हाई. म्हाताऱ्याला दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई. नवा पंच येऊ दे, एका सोमवारात निकाल. पहिला अंगठा तुझा पाहिजे."

त्येंचा भाचा आन् रंगराव एका ताटात जेवणारे, हे मला ठाऊक नव्हतं का? व्हतं. पण राग आला की मला मागचं-पुढचं दिसत न्हाई. म्या अंगठा शाईत असा दाबला, असा दाबला, की कागदाला भोकच पडायचं बाकी राहिलं.

तिसरा सोमवार आला. चावडीत मुंगी शिरायला जागा न्हाई. बाळाजीचा पत्ता न्हाई. खटला पुकारला, तेवढ्यात बाहेर जीप थांबली. अर्जुनराव आत आले, मागं एका माणसाच्या हातात हार, शाल, नारळ. सगळी तयारी करूनच आले व्हते, बघा. त्येंनी अर्ज वाचायला सुरुवात केली. "मुख्य पंचांचं वय झालं हाय, त्येंना दिसत न्हाई, ते कामकाजात झोपतात..." आन् मंग नावं. "पहिला अंगठा, पुतळाबाई."

सगळ्या चावडीनं माझ्याकडं बघितलं. रागात अंगठा उठवणं निराळं आन् त्या माणसासमोर बसून ते ऐकणं निराळं. आबांचे पांढुरके डोळे माझ्याकडं वळले. दिसत तर काही नसणार त्येंना.

"पुतळे, तुझा अंगठा?"

"व्हय," म्हणलं.

"बरं," आबा म्हणाले. मंग मास्तरांकडं वळले. "मास्तर, ल्ह्या. मी सावळाराम, आज आत्तापासून पंचाचं काम सोडतो. कारण मोकळं ठेवा, मागून सांगतो."

मास्तरांचा टाक थांबला. "आबा..."

"ल्ह्या."

मास्तरांनी लिहिलं, आबांनी कागदावर चाचपत सही केली. अर्जुनरावांना काय आनंद! घाईघाईनं हार घातला, शाल पांघरली, नारळ हातात दिला, भाषणाला घसा खाकरला. तवर आबा खुर्चीतून उठले. काठी टेकत टेकत ओट्याच्या दोन पायऱ्या उतरले, आन् साक्षीदार जमिनीवर बसतात तिथं, माझ्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसले. गळ्यात हार तसाच.

"आता कारण ल्ह्या," ते म्हणाले. "ह्या खटल्यात मला साक्ष द्यायची हाय."

अर्जुनरावांचा खाकरलेला घसा तसाच राहिला.

मास्तर म्हणाले, "पण आबा, त्यासाठी पद सोडायला लागत नाही. एवढ्या खटल्यापुरतं बाजूला बसता येतं. पुढच्या सोमवारी परत..."

"पुढच्या सोमवारी मी परत वर बसणार, हे ध्यानात ठेवून हे चौघं माझं ऐकणार. तसली साक्ष मला द्यायची न्हाई. आता मी साधा माणूस हाय. खोटं वाटलं तर खोटं म्हणा." आन् मंग त्येंनी आवाज चढवला. "गाळाच्या दिवशी मी नारळ घेऊन गेलो. सहा गडी व्हते. सातवा न्हाई. दुपार टळली तरी बाळाजी आला न्हाई. मंग म्या धोतर खोचलं आन् म्हणलं, पुतळीच्या घरचा गडी मी. मोठ्यानं म्हणलं. तुमी समद्यांनी ऐकलं. कुणी न्हाई म्हणलं न्हाई. मी उतरलो, आन् दिवस मावळंस्तवर गाळ भरला."

म्या वळून आबांकडं बघितलं.

रंगराव हसला. "सत्तरी उलटलेली तुमची! डोळ्यांना दिसत न्हाई, आन् गाळाला उतरला?"

"गाळात डोळ्याचं काय काम रे? हातानं चाचपायचं. चाचपतानाच तर तांब्या लागला. उगवतीच्या कोपऱ्यात. पितळी, काठाखाली नाव कोरलेलं, बुडाला पोचा. बोटं फिरवून नाव वाचलं. जाताना तिच्या ओट्यावर ठेवला, आन् तिला काही सांगू नका, असं समद्यांना बजावलं."

तांब्या माझ्या मांडीशीच व्हता, पदराखाली. म्या तो काढला. आतलं पाणी वतलं आन् पुढं केला. मास्तरांनी घेतला, बुडाला हात लावून बघितला, काठ उजेडाकडं धरला आन् मोठ्यानं वाचलं, "भिकाजी बाळोबा, निघोजे."

ते नाव म्या कधी तोंडानं घेतलं न्हाई. ते गेल्यापासून चार माणसांत कुणी घेतलं पण नव्हतं. त्या दिवशी भर चावडीत ऐकलं, आन् वाटलं, आमच्या घरचा गडी आला.

आता वर चौघांतले कुरुळी गावचे पंच बोलत व्हते. त्येंनी मला इचारलं, तांब्या कधी हरवला, कधी मिळाला. म्या सांगितलं. मंग ते रंगरावाला म्हणाले, "बाळाजी त्या दिवशी पिंपरीला व्हता, हे तुमीच शाबीत केलं. मंग हा तांब्या वर कुणी आणला?"

मागून खरखर आवाज आला. चिमाजी उठला व्हता. डोळ्यांत पाणी.

"आबांनी," तो म्हणाला. "माझी आतली पाळी झाली, मंग टोपली ते भरत व्हते, वर मी वढत व्हतो. एकदा पाय घसरून पडले पण. भिकाजीची शपथ, आणखी गप बसवत न्हाई मला."

मंग एकेक करून बाकीच्यांची पण तोंडं उघडली. रंगराव म्हणाला, "पण ते तिच्या घरचे थोडेच?" तर आबा म्हणाले, "त्या दिवशी तिच्या घरच्या चार भाकरी खाल्ल्या म्या. ज्याची भाकरी त्येचा गडी. आन् पिठलं काय झालं व्हतं!" चावडी हसली. कुरुळीचे पंच सुद्धा हसले. निकाल तिथल्या तिथं झाला: बुधवार पुतळाबाईचा. अर्जुनराव जीपकडं निघाले तवा त्येंना कुणी वाट पण करून दिली न्हाई. पाहिजे तो राजीनामा हातात घेऊन तोंड पाडून गेलेला असा पुढारी मी दुसरा बघितला न्हाई.

मी आबांच्या पायावर डोकं ठेवलं. रडू आवरेना. "आबा, तो अंगठा माझाच व्हता."

"व्हय. भारी ठळक उठलाय म्हणे."

"मला आधी का सांगितलं न्हाई? दोन तारखा मी तुमाला शिव्या घातल्या!"

"बाळाजीला खरं बोलायला जागा ठेवली व्हती. चिमाजीला पण. तुला सांगितलं असतं तर तू बाळाजीची चामडी सोलली असतीस. आन् मी गाळ काढला म्हणून आयुष्यभर माझ्यापुढं मान खाली घालून वागली असतीस. तुझ्या मानेला ती सवय न्हाई." त्येंनी गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला. "पोरींना दे. खेळतील."

तिसऱ्या दिवशी बुधवार. म्या पहिली मोट सोडली आन् ते पाणी सरीतनं कांद्याला जाताना बघत उभी राहिले. कांदा वाचला. पुढं अर्जुनरावांचा भाचा पंच झाला, ते मात्र टळलं न्हाई. आबांनी वाईट वाटून घेतलं न्हाई. म्या घेतलं, अजून घेते. माझ्या एका बुधवारापायी चार गावांनी आपला आबा घालवला, आन् त्या कागदावर पहिला अंगठा माझा.

चैत्र आला. गाळाचा दिवस. बाळाजी आदल्या दिवशीच पिंपरीहून येऊन बसला व्हता. जेवला न्हाई, नुसता खाली बघत म्हणाला, "वैनी, उद्या मी उतरतो. खरंच उतरतो." म्या म्हणलं, "तू वर दोर वढ. उतरणारं माणूस ठरलंय."

दुसऱ्या दिवशी म्या कासोटा घट्ट मारला, डोक्याला फडकं बांधलं आन् विहिरीवर गेले. गडी माणसं बघतच राहिली. एकजण म्हणाला, बाईमाणूस, त्यातून विधवा, साती आसरांना चालायचं न्हाई. आबा नारळ घेऊन दगडावर बसले व्हते. पंच नव्हते आता, पण नारळाचा मान गावानं काढला नव्हता. ते म्हणाले, "साती आसरा बाया न्हाईत तर कोण हायेत? बायकांना बाई चालत न्हाई व्हय?"

मी पायऱ्या उतरले. गुडघाभर गाळ, गार. उगवतीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले, जिथं त्या आंधळ्या म्हाताऱ्यानं माझ्यासाठी चिखल चाचपला व्हता. पहिली टोपली भरली. वर बाळाजीनं दोर ताणला.

आबांनी काठावरून आत वाकून हाक दिली. त्येंना काही दिसत नव्हतं, म्हणून मोठ्यानं दिली.

"पुतळीच्या घरचा गडी उतरला का रे?"

म्या खालून वरडले, सगळी विहीर घुमली,

"उतरला, आबा!"